पत्रकावरचा बाण

उत्तर इटलीतल्या मेरानोच्या स्टेशनाजवळ सायकली भाड्याने देणारे एक दुकान आहे. एप्रिलच्या शेवटी-शेवटी एका सकाळी मी तिथे रांगेत उभी होते. काउंटरवरचा मुलगा कामाला वाघ होता. ओळखपत्र घ्यायचे, गिऱ्हाइकाच्या उंचीवर एक नजर टाकून सायकल काढायची, सीट वरखाली करून द्यायची, हेल्मेटचा पट्टा ओढून बघायचा आणि शेवटी घडी घातलेले एक पत्रक हातात ठेवायचे, हे सगळे तो एका लयीत करत होता. माझा नंबर आल्यावर मी म्हटले, रेशेनपर्यंत जायचे आहे. त्याने मान वर न करता माल्सला जाणाऱ्या पुढच्या गाडीची वेळ सांगितली. गाडी नको, इथूनच सायकलने निघणार, असे म्हटल्यावर मात्र त्याने मान वर केली, माझे पिकलेले केस आणि हातातल्या सामानाच्या दोन पिशव्या पाहिल्या आणि अतिशय अदबीने बॅटरीची सायकल सुचवली. तीही नको म्हटल्यावर त्याने पत्रक उलगडून माझ्यासमोर पसरले. वर खोऱ्याचा नकाशा होता, खाली उंचीचा आलेख. डाव्या कोपऱ्यात उंचावर रेशेन, उजव्या कोपऱ्यात तळाशी मेरानो, मधे उतरत गेलेली निळी रेघ आणि रेघेच्या टोकाला बाण. त्या बाणावर बोट ठेवून तो म्हणाला, “मार्ग असा आहे.”

“लोक असे जातात” एवढेच तो म्हणाला असता, तर दुकानाबाहेर पडेपर्यंत मी ते विसरूनही गेले असते. पण रस्त्याला स्वतःचीच एक दिशा असते आणि ती कोणीतरी आधीच ठरवून छापून टाकलेली असते, हे त्याने ज्या सहजपणे सांगितले, ते पुढे कितीतरी मैल माझ्या मागे येत राहिले.

तसे त्याचे चूक काहीच नव्हते. दक्षिण टिरोलमधले हे व्हिनश्गाऊचे खोरे, इटालियन लोकांचे वाल वेनोस्ता, म्हणजे आडिजे नदीचा अगदी सुरुवातीचा प्रवास. पो नदीच्या खालोखाल इटलीतली सर्वांत लांब असलेली ही नदी ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून, रेशेन खिंडीजवळ उगम पावते आणि मेरानोपर्यंत पोहोचताना जवळजवळ १,२०० मीटर खाली येते. तिच्या काठाकाठाने ऐंशीएक किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. बहुतेक ठिकाणी मोटारींपासून वेगळा, डांबरी, फाट्याफाट्यावर जर्मन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांतल्या पाट्या असलेला. मेरानो ते माल्स ही साठ किलोमीटरची रेल्वे १९०६ मध्ये सुरू झाली, पुढे परवडत नाही म्हणून बंद पडली आणि प्रांतिक सरकारने ती ताब्यात घेऊन २००५ मध्ये पुन्हा चालू केली. आता ती माणसांना वर नेते आणि माणसे सायकलवर बसून नदीबरोबर खाली येतात. आजोबा-आजी येतात, दुडुदुडु पायडल मारणारी पाच-सहा वर्षांची मुले येतात, मागच्या जोडगाडीत झोपलेली तान्ही बाळेही येतात. ज्यांना एरवी आल्प्समध्ये सायकल चालवण्याचे स्वप्नही पडले नसते, त्यांना या उताराने सायकलवर बसवले. चढ चढणाऱ्यांच्या अंगी एक शिष्टपणा असतो, तो मलाही लागलेला आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

पण बाण दुसऱ्या बाजूनेही काढता येतो आणि तो काढणारे पहिले लोक फारच जुने होते. मेरानोच्या वर, राबलांड या गावाजवळ १५५२ मध्ये रोमन काळातला मैलाचा दगड सापडला. तो आता बोल्झानोच्या संग्रहालयात आहे. क्लॉडियस सम्राटाने इसवी सन ४६ मध्ये तो उभा करवला. त्यावरच्या मजकुराचा सारांश असा की माझे वडील ड्रुसस यांनी युद्धात आल्प्स मोकळा केल्यावर जो रस्ता आखला, तो मी पो नदीपासून डॅन्यूब नदीपर्यंत बांधून काढला. पोपासून डॅन्यूबपर्यंत, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे या खोऱ्यापुरते बोलायचे तर चढाच्या दिशेने. आज सायकलींच्या पाट्यांवर जे व्हिया क्लॉडिया ऑगस्टा असे नाव दिसते, ते याच रस्त्याचे. लष्कर, मीठ, द्राक्षारस आणि पत्रे याच वाटेने वर गेली. चढणे हा तेव्हा कोणाचा छंद नव्हता, रस्त्याचे तेच काम होते.

मेरानो सोडले की थोड्याच वेळात ट्योलचा टप्पा येतो. खोऱ्याचे हे दार आहे म्हणा ना. नदी इथे एकदम खाली कोसळते आणि तिच्या या कोसळण्यावरच १८९८ मध्ये इथले वीजकेंद्र उभे राहिले. सायकलमार्ग मात्र वळसे घेत, द्राक्षवेलींच्या आणि सफरचंदांच्या बागांमधून, पावणेदोनशे मीटर वर चढतो. पहिल्या दोन वळणांवर मला श्वासाची आणि पायडलची लय सापडेना, तिसऱ्यावर सापडली आणि मग आजूबाजूचे दिसायला लागले. खाली मेरानोत सफरचंदांचा मोहर केव्हाच गळून गेला होता, देठांशी हरभऱ्याच्या दाण्याएवढी हिरवी फळे धरली होती. ट्योलच्या वर, पार्चिन्सच्या आणि नाटुर्न्सच्या बागांत वाळलेल्या पाकळ्या गवतात तपकिरी पडल्या होत्या. पुढे श्लांडर्सच्या अलीकडे त्या पाकळ्या अजून पांढऱ्या होत्या, डांबरावर चिकटलेल्या, चाकाबरोबर थोड्या उडणाऱ्या. लासला पोहोचले तर झाडे मोहराने नुसती भरून गेली होती आणि मधमाश्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. त्याच्याही वर, माल्सकडे, फांद्यांवर घट्ट मिटलेल्या गुलाबी कळ्या, आणि रेशेनजवळ तर घरांच्या उत्तरेकडच्या सावलीत बर्फाचे मळके ढिगारे. खोऱ्यातून वर जाताना वसंत ऋतू उलटा चालत जातो, हे मला कोणी सांगितले नव्हते. खाली येणाऱ्यालाही तो दिसतो, नाही असे नाही. पण तो तासातासाने बदलत जातो, तेव्हा नुसते पाहणे होते. एका रात्रीच्या मुक्कामानंतर सकाळी उठून तुम्ही आठवडाभर मागे गेलेले असता, तेव्हा ते अंगाला जाणवते. हवा नाकात टोचते, दुकानात मागच्या वर्षीच्या जर्दाळूंचा मुरंबा असतो, हातमोजे पुन्हा पिशवीतून बाहेर येतात.

नाटुर्न्सला बागांच्या मधोमध संत प्रोकुलसचे इवलेसे देऊळ आहे. दम घ्यायचा म्हणूनच मी तिथे उतरले, एरवी पाटी वाचून पुढे गेले असते. आतल्या भिंतींवरची काही चित्रे सातव्या-आठव्या शतकापर्यंत मागे नेली जातात. त्यांत एक संत दोराला धरून बसला आहे, झोका घेत असावा असा, पाय मोकळे, डोळे मोठाले, चेहऱ्यावर भीतीही नाही आणि भक्तीही नाही, नुसते आश्चर्य. शहराच्या तटावरून त्याला खाली सोडले जात आहे, असे म्हणतात. त्या भित्तिचित्रासमोर मी बराच वेळ उभी राहिले. सोबतीला होते दोघे वृद्ध जर्मन आणि बाहेरच्या ट्रॅक्टरचा एकसुरी आवाज.

भूगोलाच्या पुस्तकात खोऱ्याचे चित्र काढतात ते नदीच्या दोन बाजूंना दोन डोंगर असे. व्हिनश्गाऊ तसे नाही, ते पायऱ्यांचे आहे, आणि हे मला मांड्यांनी सांगितले. सपाट रस्ता, सपाट रस्ता, मग अचानक श्वास लागतो. आजूबाजूला पाहावे तर खास असे काही नाही, बागाच आहेत, पण सगळी बाग एका बाजूला कललेली आहे. श्लांडर्स आणि लास यांच्या मधला हा चढ म्हणजे गाद्रिया ओढ्याने आणून टाकलेला ढीग आहे. उत्तरेकडच्या डोंगरातून हा ओढा हजारो वर्षे दगड-माती-चिखल घेऊन येत राहिला आणि खोऱ्याच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरत गेला. आल्प्समधल्या मोठ्यात मोठ्या अशा पंख्यांमध्ये याची गणना होते. त्याने बिचाऱ्या आडिजेला रेटत रेटत पार दक्षिणेच्या डोंगराच्या पायथ्याशी नेऊन चिकटवले आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या खोऱ्यात मुख्य नदीचे काही चालत नाही, बाजूचा ओढा तिला जागा दाखवतो. उतरताना हा दीडशे मीटरांचा ढीग म्हणजे काही मिनिटांची मौज असते, ब्रेकवर बोटे आणि कानात वारा. चढताना तो पाऊण तास तुमच्याशी बोलत राहतो.

आणि त्या पाऊण तासात समोरून माणसे येतात.

हे मात्र मला अनपेक्षित होते. सगळे जण एकाच दिशेने जात असतील, तर उतरणाऱ्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. मी उलटी जात असल्यामुळे दिवसभर मला चेहरेच दिसत होते, शेकडो चेहरे आणि सगळे उताराच्या आनंदात असलेले. तोंड उघडे ठेवून किंचाळणारी मुले, “डावीकडे, डावीकडे” म्हणून मागून ओरडणाऱ्या त्यांच्या आया, जाकिटाच्या बाह्या वाऱ्याने फुगलेले पेन्शनर, डोळ्यांतून पाणी आलेल्या, हसणाऱ्या आजीबाई. कोणी “ग्र्यूस गॉट” म्हणायचे, कोणी “साल्वे” म्हणायचे, आणि पुष्कळ जण माझ्याकडे पाहून आधी भुवई उंचावून मग आदराने मान झुकवायचे. तो आदर घेताना मला जरा संकोच वाटे, कारण मी काही पराक्रम करत नव्हते. ताशी आठ किलोमीटरने सफरचंदांच्या बागांमधून जाणाऱ्या बाईत पराक्रम तो कसला. एका अरुंद पुलावर मात्र सात-आठ जणांच्या एका कुटुंबाला माझ्यामुळे थांबावे लागले आणि त्यांच्यातल्या एका चिमुरड्याने मला अगदी गंभीरपणे जर्मनमध्ये बजावले की मी चुकीच्या बाजूने आले आहे. पत्रक त्यानेही पाहिले असणार.

या खोऱ्याविषयी सांगायची खरी गोष्ट पाण्याची आहे. दोन्ही बाजूंच्या उंच रांगांनी ढग अडवल्यामुळे व्हिनश्गाऊत पाऊस फार कमी, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. उन्हाकडे तोंड असलेला उत्तरेचा डोंगर तर उघडाबोडका, खडकाळ, काटेरी झुडपांचा आहे. हिमनद्या डोक्यावर आणि शेत तहानलेले, अशी इथली अवस्था. म्हणून मध्ययुगापासून इथल्या शेतकऱ्यांनी डोंगरातले पाणी उतारांच्या अंगाने खणलेल्या पाटांनी गावागावांत आणले. त्यांना वाले म्हणतात. मेरानोजवळच्या मार्लिंगचा पाट ट्योलला नदीतून निघतो. बारा किलोमीटर लांबीचा हा पाट अठराव्या शतकात वीस वर्षे खपून बांधला गेला. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत आणि पाळीवरून भांडणेही ठरलेली असत. प्रत्येक पाटावर देखरेखीला एक पाटकरी असे. गाळ काढणे, पडझड बुजवणे, दारे उघडणे आणि लावणे ही त्याची कामे. मला सर्वांत आवडली ती त्याची घंटा. पाटाच्या वाहत्या पाण्यावर लाकडाचे लहानसे चक्र फिरते, चक्राच्या दांड्यावरची हातोडी दर फेऱ्याला घंटेवर पडते, आणि ठण्-ठण् आवाज डोंगरभर ऐकू येत राहतो. आवाज येतो आहे तोवर पाणी वाहते आहे. थांबला की पाटकऱ्याने फावडे उचलायचे. आवाज ऐकण्यासाठी नव्हे, आवाज बंद पडलेला ऐकू यावा म्हणून लावलेली घंटा. लाच गावाच्या वर असे एक चक्र मी पाहिले. लाकूड पाण्याने काळे पडलेले, त्यावर हिरवे शेवाळ, घंटा कुठल्यातरी गायीच्या गळ्यातली असावी अशी पत्र्याची, आणि हातोडी जिथे पडते तिथला पत्रा घासून चंदेरी झालेला. आता बहुतेक बागांना नळ आणि तुषार सिंचन आले आहे, पुष्कळ पाट बुजले किंवा फिरायच्या वाटा झाले. हे चक्र बहुधा माझ्यासारख्यांसाठीच चालू ठेवले असणार. ते कळूनही मी तिथे बसून राहिले.

लासमध्ये गाव लागायच्या अलीकडे, पांढऱ्याशुभ्र कठड्यावर बसून मी पाणी पीत होते. लास हे संगमरवराचे गाव. इथल्या फुटपाथची कडही संगमरवराची असते आणि ती कोणाला विशेष वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या कबरींवर जे हजारो पांढरे क्रूस उभारले गेले, त्यांचा दगड याच डोंगरातून गेला. बागेत एक साठीचा शेतकरी तुषार सिंचनाच्या नळाचे तोंड पिनेने साफ करत होता. त्याने विचारले, कुठून आलात. मेरानोहून म्हटल्यावर तो कुंपणाजवळ आला. “वरून येणारे इथे थांबत नाहीत,” तो म्हणाला. “खालून येणारे थांबतात, त्यांना दम लागलेला असतो. म्हणून गप्पा मारायला मला तेच बरे वाटतात.” मोहर एवढा फुललेला असताना हा माणूस पाण्याच्या नळांशी का खेळतो आहे, असे मी विचारले, तर त्याने आकाशाकडे हात केला. आकाश निरभ्र होते आणि त्याचीच त्याला काळजी होती. या दिवसांत रात्री आभाळ मोकळे राहिले, तर पहाटे तापमान शून्याखाली जाते आणि एका रात्रीत वर्षाचे पीक हातचे जाते. म्हणून हे लोक मोहरावर पाणी फवारतात. पाणी गोठते, गोठताना उष्णता सोडते, वरून नवे पाणी पडत राहते, आणि बर्फाच्या कवचात कळी शून्य अंशांच्या आसपास तग धरून राहते. पाणी मधेच बंद पडले, तर मात्र न फवारल्याहून वाईट. म्हणून सूर्य वर येऊन बर्फ आपोआप गळू लागेपर्यंत पंपाजवळ कोणीतरी जागे राहायचे. हे सांगताना त्याची पिन थांबली नव्हती. नळाच्या भोकातून वाळूचा एक कण निघाला, तो त्याने अंगठ्याच्या नखावर घेऊन मला दाखवला. एवढ्याने, तो म्हणाला, चार झाडे जातात.

दक्षिण टिरोलमध्ये सुमारे १८,००० हेक्टरवर सफरचंदे आहेत आणि युरोपीय संघातल्या दर दहा सफरचंदांतले एक इथले असते. सायकलमार्गाच्या दोन्ही बाजूंना जे शांत, रेखीव, हिरवे जग दिसते, ते एक कारखाना आहे. सिमेंटच्या खांबांच्या रांगा, गारांपासून वाचवायला वर गुंडाळून ठेवलेल्या जाळ्या आणि ठरलेल्या वेळी फिरणारी औषध फवारणीची यंत्रे. बागा जसजशा वर सरकल्या, तसतसा वरच्या गवताळ गावांशी वाद सुरू झाला. माल्सच्या लोकांनी तर २०१४ मध्ये सार्वमत घेतले आणि सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी आपल्या हद्दीत रासायनिक कीटकनाशके नकोत असा कौल दिला. पुढे ते प्रकरण न्यायालयांत गेले आणि बंदी टिकली नाही. लासच्या शेतकऱ्यापाशी मी हा विषय काढला नाही. ज्याच्या कुंपणाला टेकून पाणी प्यायचे, त्याच्याशी पहिल्याच भेटीत वाद घालण्याइतका दम मला उरला नव्हता, आणि खरे सांगायचे तर माझे मत अजून दोन्हीकडे झुकते.

लासच्या पुढे प्राडचा फाटा येतो आणि तिथे एक गंमत दिसते. उजवीकडे आमचा सायकलमार्ग, डावीकडे स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता. तो ऑस्ट्रियन साम्राज्याने लोंबार्दी जोडण्यासाठी बांधवला. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने तो १८२५ मध्ये पुरा केला. प्राडकडून अठ्ठेचाळीस वळणे आणि उंची २,७५७ मीटर. १९५३ मध्ये इटलीची शर्यत पहिल्यांदा या रस्त्यावर आली आणि फाउस्तो कोप्पीने इथेच ह्यूगो कोब्लेटला मागे टाकले. तेव्हापासून जगभरच्या शर्यतवाल्यांसाठी ते तीर्थक्षेत्र आहे. वर अजून बर्फ होते, खिंड उघडायला अवकाश होता, तरी प्राडच्या चौकात काटक, गुळगुळीत पायांचे आठ-दहा जण सराव करून आले होते आणि कॉफीच्या टेबलावर वळणांचे हिशेब चालले होते. त्यांना कोणी म्हणत नव्हते की मार्ग असा आहे, खाली जा. त्यांचा चढ म्हणजे शौर्य होते. त्याच चौकात, सामानाच्या पिशव्या लावलेली, घंटी वाजवणारी माझी सायकल वर निघाली, की मात्र ती वाट चुकलेली ठरते. चढालाही प्रतिष्ठा लागते, आणि ती बहुतेक करून उंचीवरून नव्हे तर कपड्यांवरून ठरते.

ग्लुर्न्स हे नऊशेएक वस्तीचे शहर, चहूकडून तटबंदी शाबूत असलेले, तीन वेशींचे. तिथल्या बुटक्या कमानींखाली मी सूप प्याले आणि निघाले, कारण दुपार चढत होती आणि वारा सुटला होता. पुढचा टप्पा म्हणजे माल्सचा माळ. तोही एका ओढ्याने टाकलेला पंखाच, पण गाद्रियाहून मोठा, इतका मोठा की त्यावर उभे राहून तो पंखा आहे हे कळत नाही. जग कलले आहे एवढेच कळते. झाडे खोऱ्याच्या खालच्या बाजूला वाकलेली, कारण रेशेनकडून येणारा वारा इथे कायमचा वस्तीला आहे. बुर्गाइसच्या वर डोंगराच्या कुशीत मारीएनबर्गचा मठ दिसतो, पांढरा, थोराड, कित्येक मजल्यांचा. मी तासभर चालवत राहिले तरी तो त्याच जागी दिसत होता. इथे काही ठिकाणी मी उतरून सायकल हाताने ढकलली. त्या वेळी मागून एक ट्रॅक्टर आला, चालकाने वेग कमी केला, माझ्याकडे पाहिले, ढकलण्यात मला काही कमीपणा वाटत नाही अशी खात्री करून घेतली आणि हात हलवून पुढे गेला.

मग सरोवर. रेशेनच्या सरोवराचे छायाचित्र तुम्ही पाहिलेले असणारच: निळे पाणी आणि त्यातून वर आलेला चर्चचा मनोरा. ते छायाचित्र उन्हाळ्यातले असते. एप्रिलमध्ये हिवाळाभर विजेसाठी पाणी वापरून झालेले असते, बर्फ वितळून भर पडायची असते आणि सरोवर रिकामे असते. मी गेले तेव्हा मनोऱ्याच्या बुडाशी पाणी नव्हतेच. राखाडी गाळाचे मैदान, त्यावर भेगा, आणि वाऱ्याबरोबर उडून दातांत करकरणारी बारीक माती. १४व्या शतकातला तो मनोरा त्यात उभा होता आणि सुंदर दिसत नव्हता. १९५० च्या उन्हाळ्यात ग्राउन हे सगळे गाव आणि रेशेन गावाचा मोठा भाग इथे बुडवला. १६३ घरे आणि ५२३ हेक्टर शेतजमीन गेली. आधीच्या योजनेत पाणी पाच मीटर चढणार होते, ते फॅसिस्ट राजवटीत बावीस मीटर झाले आणि त्याची सूचना जर्मन बोलणाऱ्या या गावात इटालियन भाषेत लागली. युद्धानंतर मोंतेकातिनी कंपनीने स्वित्झर्लंडच्या पैशाने काम पुढे रेटले. गावचे धर्मगुरू आल्फ्रेड रीपर पोपपर्यंत जाऊन आले, काही उपयोग झाला नाही. घंटा आधी उतरवल्या, मग चर्च सुरुंगाने उडवले. मनोरा जुना म्हणून ठेवला. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे देऊळ उघडे पडते आणि लोक हौसेने बघायला जातात, तशीच इथेही गाड्यांतून उतरून फोटो काढणाऱ्यांची रांग होती. पाणी नसल्यामुळे पुष्कळांचा विरस झालेला दिसला. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, “पोस्टरवर किती छान दिसते.” मला मात्र उघडा तळ बघायला मिळाला याचे बरे वाटले, आणि बरे वाटले याचे वाईटही वाटले.

पत्रकातला मार्ग इथून सुरू होतो. वाहनतळ, मनोरा, फोटो आणि मग खाली. म्हणजे उतरणाऱ्यांच्या प्रवासाच्या अगदी पहिल्या पानावर हे बुडालेले गाव असते, पाय ताजे असताना, सकाळच्या कॉफीनंतर, आणि पुढे ऐंशी किलोमीटर वारा ते पुसून टाकतो. मी त्याच्याकडे नदीच्या, पाटांच्या, पाळ्यांच्या, नळातल्या वाळूच्या कणाच्या बाजूने पोहोचले होते. या खोऱ्यात पाण्याच्या एकेका धारेसाठी माणसे शतकानुशतके डोंगर खणत आली आणि शेवटी सगळ्यांत जास्त पाणी आले ते त्यांना विचारल्याशिवाय, त्यांच्याच अंगणात. हे दोन टोकांचे पाणी एका सूत्रात ओवले जायला मला चढाचा संथपणा लागला. दुसऱ्या कोणाला लागेलच असे नाही.

खिंड ओलांडून मी ऑस्ट्रियाच्या हद्दीत नाउडर्सपर्यंत गेले. तिथले पाणी इन नदीला मिळते आणि इन डॅन्यूबला, म्हणजे क्लॉडियसच्या दगडावरची दुसरी नदी. रस्ता पुन्हा उताराचा होता आणि समोरून धापा टाकत वर येणारे दोघे दिसले, तेव्हा मी त्यांना वाट देण्यासाठी कडेला थांबले. तिथून मागे वळले.

परत येताना मी तेच केले जे सगळे करतात. आणि ते फार मजेचे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. माल्सचा माळ, ज्याने वर जाताना अख्खी दुपार खाल्ली होती, तो सरसर मागे गेला. वाकलेली झाडे या वेळी मला वाट दाखवत होती. मठ दिसला आणि नाहीसाही झाला. लास ओलांडल्यावर मात्र कोणीतरी शिट्टी वाजवली. तोच शेतकरी, तेच कुंपण. ब्रेक दाबून मागे वळून यायला मला शंभर मीटर लागले. “आता तुम्ही वरून येणाऱ्यांत,” तो म्हणाला, “तरी थांबलात.” आज रात्री उणे तीन सांगितले आहे, पहाटे दोनला पंप सुरू करणार, बघायचे असेल तर या. सायकल वर रस्त्यावरच ठेवा, बागेत सगळा चिखल होतो. रबरी बूट नसतील तर बायकोचे देतो, पायाचा नंबर काय? मी नंबर सांगितला, आणि मेरानोच्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन लावून आज येत नाही म्हणून कळवले.